जवानाच्या दातांचा कागद जवानाच्या हातात द्या

प्रति,
मा. महासंचालक (दंतसेवा),
सशस्त्र दल वैद्यकीय सेवा, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: मा. व्यवस्थापकीय संचालक, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना)

महोदय,

सादर नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवते. आमचा जिल्हा फौजेला नवा नाही. अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे, आणि आसपासच्या कितीतरी गावांत फौजेत कुणी नाही असं घर शोधावं लागतं. त्यामुळे माझ्या खुर्चीत फौजी माणसं सतत असतात. सुट्टीवर आलेले जवान असतात, पेन्शनवर आलेले हवालदार-सुभेदार असतात, त्यांच्या बायका, आई-वडील असतात, आणि भरतीची तयारी करणारी पोरंही असतात. म्हणजे फौजी माणसाचं तोंड मी भरतीच्या आधी पाहते, नोकरीत असताना अधूनमधून पाहते आणि पेन्शननंतर पाहते. मधली सगळी वर्षं ते तुमच्याकडे असतं. त्या वर्षांत तुमच्या डॉक्टरांनी काय केलं ते मला कळत नाही, आणि आधी किंवा नंतर मी काय केलं ते त्यांना कळत नाही.

या पत्रातलं मागणं एकच आहे. जवानाच्या दातांची जी नोंद तुमच्याकडे होते, तिची एक प्रत जवानाच्या हातात असावी. भरतीपासून सेवामुक्तीपर्यंत आणि त्यानंतरही.

मागणं इतकं साधं का आहे आणि त्यासाठी खुलं पत्र का लिहावं लागतं, ते सांगते.

गणपतीत नायक हुद्द्याचा एक जवान माझ्याकडे आला. वय तिशीच्या आसपास. उजवा गाल सुजलेला, तोंड नीट उघडत नव्हतं. खालची पहिली दाढ, आमच्या भाषेत ४६ नंबर. एक्स-रे घेतला तर दाढेचं रूट कॅनॉल झालेलं दिसलं, पण अर्धं. मागच्या मुळात भराव टोकापर्यंत नीट गेला होता. पुढच्या मुळात साधारण दोन नळ्या असतात, तिथे भरावाची एकच रेघ दिसत होती. दुसरी नळी सापडलीच नव्हती, की बुजलेली होती, की पुढच्या वेळी करू म्हणून ठेवली होती? एक्स-रेवरून ते सांगता येत नाही. वर तात्पुरतं सिमेंट होतं, तेही निम्मं झिजलेलं. कॅप बसवलेली नव्हती. आतल्या बाजूची भिंत हिरडीच्या खालपर्यंत तुटली होती.

मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मॅडम, दोनदा बसलो होतो खुर्चीवर. तिसऱ्यांदा बोलावलं होतं, तेवढ्यात युनिटची मूव्हमेंट आली. वर गेल्यावर दुखलं नाही, मग राहूनच गेलं. मध्ये एकदा ठणकली तेव्हा एमआय रूममधून (युनिटच्या दवाखान्यातून) गोळी घेतली.’’

ती दाढ काढावी लागली. तिशीतल्या माणसाची खालची पहिली दाढ, म्हणजे चावण्याचं सगळ्यांत जास्त काम करणारी.

या गोष्टीत मला कुणाला दोष द्यायचा नाही. ज्यांनी काम सुरू केलं त्यांचा हात चांगला होता, भरलेली नळी बघूनच ते कळत होतं. त्यांनी त्यांच्याकडे नोंदही केली असणार. युनिट हललं यातही कुणाची चूक नाही, फौज म्हटल्यावर युनिट हलणारच. पण नोंद एका गावी राहिली आणि दाढ दुसऱ्या गावी गेली. ‘४६, तिसरी नळी बाकी, कॅप बाकी’ एवढी एक ओळ त्याच्या पाकिटात असती, तर पुढच्या ठिकाणच्या डेंटल सेंटरमध्ये किंवा आधीच्या सुट्टीत माझ्याकडे ते काम पुरं झालं असतं. तो मधल्या काळात सुट्टीवर आला होता, त्याच्या पोराचे दात दाखवायला माझ्याच दवाखान्यात येऊन गेला होता. स्वतःचं दुखत नव्हतं म्हणून बोलला नाही. अर्धं झालेलं रूट कॅनॉल दुखत नाही, हाच त्यातला धोका. नस काढल्यावर दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं की झालं.

फौजेत दंतसेवा आली ती दुखण्यामुळेच, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण सर्वसामान्य वाचकांसाठी थोडं लिहिते. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, १८९९ ते १९०२ या काळात, ब्रिटिश फौजेतले हजारो शिपाई दातांपायी निकामी झाले. शिधा म्हणून मिळणारं कडक बिस्किट त्यांना चावताच येईना. तरी धडा घेतला गेला नाही. १९१४ साली फ्रान्समध्ये एन नदीकाठच्या लढाईच्या ऐन धामधुमीत जनरल हेग यांची दाढ ठणकायला लागली. सगळ्या ब्रिटिश फौजेबरोबर दातांचा एकही डॉक्टर नव्हता, पॅरिसहून बोलवावा लागला. त्यानंतर लवकरच फौजेबरोबर दंतवैद्य नेमले गेले, आणि १९२१ साली ब्रिटिशांनी स्वतंत्र आर्मी डेंटल कोअर उभी केली. आपली कोअर १९४१ ची, दुसरं महायुद्ध पेटलेलं असतानाची. सेनापतीची दाढ दुखल्यावर यंत्रणा हलली, हे ऐकायला गमतीचं वाटतं. पण त्याआधी कित्येक शिपायांच्या दाढा दुखून गेल्या होत्या आणि त्यांची नोंदही कुठे नव्हती.

आज आपल्याकडे जी रचना आहे तिचा मला मनापासून आदर आहे. एकच आर्मी डेंटल कोअर भूदल, नौदल आणि हवाई दल तिघांनाही सेवा देते. दिल्लीचं आर्मी डेंटल सेंटर, पुण्याच्या एएफएमसीचा (सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाचा) दंतविभाग, कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयातलं नौदलाचं केंद्र, कमांड आणि मिलिटरी डेंटल सेंटर, पार लेहपर्यंतची रुग्णालयं, हे सगळं एकाच छत्राखाली आहे. पुण्याला शिकणाऱ्या आम्हा सिव्हिलमधल्या विद्यार्थ्यांना एएफएमसीचा हेवा वाटायचा. तिथलं जबड्याच्या शस्त्रक्रियेचं आणि कृत्रिम दातांचं काम आम्ही मान वर करून बघायचो. गोळीनं किंवा स्फोटानं चेहरा फाटलेल्या माणसाला पुन्हा खाता, बोलता यावं म्हणून तिथली माणसं महिनोन् महिने राबतात.

आणि म्हणूनच मी आपल्याकडे मागते आहे. आमच्या सिव्हिल जगात एक डॉक्टर दुसऱ्याला बांधील नाही. पेशंट माझ्याकडून उठून शेजारच्या दवाखान्यात गेला तर मी त्याच्या मागे कागद धाडीत नाही, आणि शेजारचा डॉक्टर मला विचारीत नाही. आमच्याकडे हे जमवायचं तर हजारो सुट्या माणसांना एका ओळीत उभं करावं लागेल. आपल्याकडे ती ओळ आधीच उभी आहे. काश्मीरपासून कोचीपर्यंत एकच कोअर, एकच हुकूम, एकाच पद्धतीनं शिकलेले डॉक्टर. नोंद पेशंटबरोबर फिरवणं या देशात सगळ्यांत आधी कुणाला जमणार असेल तर ते आपल्याला.

अमेरिकेच्या फौजेत आणि नाटोच्या इतर फौजांत प्रत्येक सैनिकाला दातांच्या दृष्टीनं चार वर्गांत घालतात. पहिल्या वर्गात काहीच उपचार नकोत. दुसऱ्यात उपचार हवेत, पण वर्षभरात अडचण येण्याची शक्यता नाही. तिसऱ्या वर्गातल्या माणसाला पुढच्या बारा महिन्यांत दात दगा देण्याचा संभव असतो, त्याला मोहिमेवर धाडण्याआधी खुर्चीवर बसवतात. अमेरिकेनं आपल्या फौजेतले ९५ टक्के लोक पहिल्या दोन वर्गांत असावेत असं उद्दिष्ट ठरवलं आहे. मला यातला चौथा वर्ग महत्त्वाचा वाटतो. ज्याची तपासणी वेळेत झालेली नाही, ज्याच्या दातांची स्थिती माहीत नाही, तो चौथ्या वर्गात जातो. म्हणजे ‘माहीत नाही’ याला तिथे ‘ठीक आहे’ असं समजत नाहीत. माझ्याकडे आलेला तो नायक कोणत्या वर्गात होता? कागदाशिवाय मलाही सांगता येत नव्हतं आणि त्याला स्वतःलाही.

उंचावर दात काय करतात ते इथे सपाटीवर बसून कळायचं नाही. सियाचेनला जाऊन आलेली पोरं सांगतात, की थंड वारा ओढला की उघडी पडलेली दाढ कानशिलापर्यंत कळ मारते. हवेचा दाब कमी झाला की अर्धवट भरलेल्या किंवा आतून सडलेल्या दाताची कळ वाढते, वैमानिकांना हे चांगलं माहीत असतं. बर्फातल्या चौकीवर एका माणसाचा गाल सुजला तर त्याला खाली आणायला हेलिकॉप्टरची वाट बघावी लागते, आणि हवा बिघडली तर तीही नुसती वाटच. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, पाऊण तासात जे काम झालं असतं, त्यासाठी वर सगळी चौकी वेठीला धरली जाते. युनिट फील्डला निघायच्या आधी कमांडिंग ऑफिसरच्या टेबलावर अपुऱ्या कामांची यादी असेल, तर कुणाला आधी खुर्चीवर बसवायचं ते त्यांना ठरवता येईल. आणि जे उरतील त्यांच्या पाकिटातला कागद पुढच्या डॉक्टरला बाकीचं सांगेल.

आता भरतीच्या पोरांविषयी. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण हे मी रोज बघते.

भरतीला दातांचे किमान १४ गुण लागतात. वरच्या-खालच्या समोरासमोर नीट बसणाऱ्या दातांचे गुण धरतात. पुढच्या दातांना आणि उपदाढांना एकेक गुण, पूर्ण वाढलेल्या दाढांना दोन-दोन. बत्तीसच्या बत्तीस दात असतील तर बेरीज २२ येते, अक्कलदाढा पुरत्या वाढलेल्या नसतील तर २०. आमच्याकडच्या अकादमीतल्या पोरांना हे पाठ असतं. मेडिकलच्या आधी दोन-चार दिवस ती येतात, कधी अकादमीचे सर घेऊन येतात. ‘‘डॉक्टर, एवढा मेडिकलपुरता भरून द्या,’’ असं म्हणणारी पोरं मी कितीतरी बघितली. घरी पैसे नसतात, वेळ नसतो. पहाटे चारला उठून पळायचं, दुपारी शेतात, संध्याकाळी क्लास. खोल किडलेल्या दाढेला रूट कॅनॉल लागेल असं सांगितलं की चेहरा पडतो. मग सिमेंट भरून देण्याव्यतिरिक्त इलाज उरत नाही. पोरगं भरती होतं, गावात पेढे वाटले जातात, आणि ती दाढ सिमेंटखाली आतल्या आत पुढे सरकत राहते.

ती दाढ बोलायला लागते ती ट्रेनिंगमध्ये. किंवा त्यानंतर पहिल्या फील्ड पोस्टिंगला.

यावर मला सुचतो तो उपाय महागडा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं बेळगावला प्रशिक्षण घेतात. तिथे काही महिने सगळी एका जागी असतात, डॉक्टर जवळ असतो, वेळापत्रक बांधलेलं असतं. पुन्हा नोकरीभर इतकी सगळी पोरं एकत्र, इतका काळ एका ठिकाणी सापडणार नाहीत. भरतीच्या १४ गुणांवर न थांबता पहिल्या महिन्यातच प्रत्येकाच्या दातांचा पूर्ण आलेख काढावा, एक्स-रे घेऊन. शंकास्पद सिमेंट काढून आत बघावं. जे काम आहे ते कसम परेडच्या, म्हणजे प्रशिक्षणाअखेरच्या शपथेच्या, आधी संपवावं. आणि संपलेल्या, न संपलेल्या कामाची प्रत पोराच्या हातात द्यावी. प्रत्येक रेजिमेंटल सेंटरमध्ये हे करता येण्यासारखं आहे.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हापासून या गोष्टीला आणखी घाई आली आहे. अग्निवीर म्हणून जाणारी पोरं साडेसतराव्या वर्षापासून विशीच्या सुरुवातीपर्यंतची. चार वर्षं सेवा. म्हणजे सतरा ते पंचविशी, हेच अक्कलदाढा येण्याचं वय. अर्धवट वर आलेल्या अक्कलदाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकतं, सूज येते, जबडा धरतो, ताप येतो. दोन दिवस गोळ्यांनी बरं वाटतं, महिन्यानं पुन्हा तेच. खालची अक्कलदाढ आडवी असेल तर शस्त्रक्रिया करून काढावी लागते आणि नंतर चार-पाच दिवस तरी विश्रांती लागते. अशी दाढ एक्स-रेवर आधीच दिसते. कोणती दाढ त्रास देणार याचा अंदाज पहिल्याच वर्षी बांधता येतो.

चार वर्षांनंतर योजनेच्या नियमाप्रमाणे चारांतला जास्तीत जास्त एक जण कायम होतो, बाकीचे घरी येतात. सेवेत असताना त्यांना लष्करी रुग्णालयाचे उपचार मिळतात. बाहेर पडल्यावर मात्र त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागल्या, त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात. या पोरांचं राहिलेलं काम कोण करणार? ते माझ्यासारखीच्या दवाखान्यात येतील, स्वतःच्या खिशातून पैसे देतील, आणि त्यांच्याकडे कागद नसेल. योजना बरी की वाईट या वादात मला पडायचं नाही, तो आपल्या हातातलाही विषय नाही. पण सेवामुक्तीच्या आधीच्या सहा महिन्यांत प्रत्येक अग्निवीराची दातांची तपासणी करून, सुरू केलेलं प्रत्येक काम पुरं करून, पूर्ण नोंद हातात देऊन त्याला घरी पाठवणं आपल्या हातात आहे. ज्या वयात त्यानं ही चार वर्षं दिली, त्या वयात वेळेवर केलेलं काम पुढची कितीतरी वर्षं टिकतं.

आता तो कागद कसा असावा. मी स्वतः माझ्या फौजी पेशंटसाठी एक नमुना तयार केला आहे. अर्ध्या ए-फोर आकाराचं एक पान. वर नाव आणि रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का ते. खाली ११ ते ४८ अशा आंतरराष्ट्रीय क्रमांकांचे बत्तीस चौकोन, कारण ते जगभरच्या दंतवैद्याला वाचता येतात. प्रत्येक चौकोनात एक-दोन खुणा: भरलेला, काढलेला, रूट कॅनॉल झालेला, कॅप असलेला. रूट कॅनॉल असेल तर किती नळ्या भरल्या आणि प्रत्येकीची लांबी किती मिलिमीटर. आणि पानाच्या तळाशी एक ठळक चौकट, तिचं शीर्षक ‘अपूर्ण काम’. सगळा कागद या चौकटीसाठी आहे. तिथे काहीच नसेल तर डॉक्टरनं ‘काही नाही’ असं लिहून सही करायची, रिकामी ठेवायची नाही.

सुरक्षेची शंका येईल, आणि ती यायलाच हवी. म्हणून त्या कागदावर युनिटचं नाव नको, ठिकाण नको, रेजिमेंटल नंबरसुद्धा नको. तारखेऐवजी महिना आणि वर्ष पुरे. दाताच्या नोंदीत सैन्याच्या हालचालीचा माग लागेल असं काही असण्याची गरजच नाही. मूळ नोंद, एक्स-रे, सगळी ओळख आपल्याकडे सुरक्षित राहू दे. जवानाकडे फक्त त्याच्या तोंडाचा नकाशा असेल.

दुसरी शंका येईल की कागद हरवतो. हरवेल. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तर कमी हरवेल. सध्या देशभर डिजिटल आरोग्य नोंदींचं काम चालू आहे, ते जेव्हा फौजेच्या नियमांत बसेल तेव्हा बसू दे. तोवर एक पान आणि एक पेन थांबायचं कारण नाही.

तिसरी शंका अशी की तुमच्या डॉक्टरांवर आधीच कामाचा भार आहे, त्यात ही लिखापढी. मला ते कळतं, माझीही सहायक कधी आली नाही की दिवस कोलमडतो. पण नोंद तर त्यांना आताही करावीच लागते. प्रत काढणं हे डेंटल असिस्टंटचं पाच मिनिटांचं काम आहे. उलट दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं काम कागदाशिवाय हातात घेतलं की अर्धा तास अंदाज बांधण्यात जातो, हे खुर्चीमागे उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

शिवाय आपल्याकडचे डॉक्टरही बदलत राहतात. शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर आलेला दंतवैद्य कॅप्टन म्हणून लागतो, पाच वर्षं राहतो, मुदतवाढ मिळाली तर चौदापर्यंत, मग निघून जातो. बदल्या तर प्रत्येकाच्याच होतात. पेशंटही फिरता, डॉक्टरही फिरता, तर निदान कागद तरी एका ठिकाणी, म्हणजे पेशंटच्या खिशात असावा.

वर्षातून एकदा तपासणी होतेच. तीत एक आकडा आवर्जून लिहावा अशी विनंती आहे, तो म्हणजे तोंड किती उघडतं त्याचा. नेहमीच्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात, साधारण चाळीस मिलिमीटर. सुपारी, गुटखा, मावा खाणाऱ्यांचा गाल आतून पांढरा आणि ताठ होत जातो, हळूहळू तीनची दोन बोटं होतात, दोनचं एक. हा आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो. एका वर्षाच्या आकड्यावरून काही कळत नाही. चार वर्षांचे आकडे एकाखाली एक दिसले, ४२, ३९, ३५, ३१, तर कुणालाही कळतं. आमच्या भागात तंबाखू-सुपारीची सवय घरातूनच लागलेली असते, आणि रात्रीच्या पहाऱ्यावर ती वाढते, असं पोरं स्वतः सांगतात. दरवर्षी नवा डॉक्टर, नवं रजिस्टर असेल, तर हे आकडे एकाखाली एक कधीच येणार नाहीत.

आणखी एक कारण आहे. ते लिहिताना हात जड होतो, पण सैनिकाच्या बाबतीत ते टाळता येत नाही. विमान कोसळतं, गाडीला आग लागते, बंकर जळतो. ओळख पटवायला कपडे राहत नाहीत, चेहरा राहत नाही, पण दात राहतात. दात मात्र स्वतः बोलत नाहीत. माणूस जिवंत असताना काढलेला आलेख समोर असेल तरच ते जुळवता येतात. कोणत्या दाढेत काय भरलं होतं, कोणती नव्हती, कोणती वाकडी होती, यावरून डीएनएच्या अहवालाआधीसुद्धा घरच्यांना सांगता येतं. आलेख जितका बिनचूक आणि ताजा, तितकी त्या घरची वाट पाहणं कमी होतं. कवळी करताना तिच्या गुलाबी भागात आत नावाची चिठ्ठी बसवली तर तिचाही उपयोग होतो. ही जुनी आणि जवळपास फुकटातली पद्धत आहे.

शेवटी ईसीएचएसविषयी थोडं. योजना १ एप्रिल २००३ पासून आहे आणि माझ्या कितीतरी पेशंटना तिचा आधार आहे, हे मी पहिल्यांदा म्हणेन. पॉलिक्लिनिकमधला दंतवैद्य करारावर असतो, त्यामुळे तोही बदलतो. एक निवृत्त सुभेदार माझ्याकडे कवळी ‘बसत नाही’ म्हणून आले. त्यांचं माप एका डॉक्टरनं घेतलं होतं, कवळी आली तेव्हा खुर्चीवर दुसरे होते, आणि ती घासून बसवायला गेले तेव्हा तिसरे. तिघांचंही काम आपापल्या जागी बरोबर असेल. पण खालच्या जबड्याचं हाड किती झिजलंय आणि कवळीची उंची मुद्दाम कमी का ठेवली, हे पहिल्यानं तिसऱ्याला सांगायला काही साधन नव्हतं. त्यांची नोकरीतली नोंद पॉलिक्लिनिकमध्ये आली असती, तर कोणता दात कधी आणि कशामुळे गेला तेही कळलं असतं. सेवामुक्तीच्या वेळी वैद्यकीय तपासणी होतेच. त्याच वेळी दातांची पूर्ण नोंद पेन्शनच्या कागदांबरोबर हातात पडावी, आणि ईसीएचएसनं पहिल्या भेटीत ती मागून घेऊन फाइलला लावावी. त्यासाठी दोन्ही कार्यालयांनी एक संयुक्त परिपत्रक काढलं तरी पुरे.

हे सगळं एकदम, सगळीकडे सुरू करा असं मी म्हणत नाही. एका रेजिमेंटल सेंटरमध्ये आणि एका जिल्ह्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये वर्षभर करून बघता येईल. साताऱ्यात करायचं ठरलं तर आमच्या तालुक्यातले काही दंतवैद्य नमुना छापून द्यायला आणि सुट्टीवर आलेल्या जवानांच्या नोंदी त्यात भरायला तयार आहेत. त्यासाठी आम्हाला मानधन नको, पॅनेलवरची जागाही नको.

माझ्यापुरतं मी काम सुरू केलं आहे. सुट्टीवर आलेल्या जवानावर उपचार केले की वर सांगितलेलं पान भरून, खाली सही आणि नोंदणी क्रमांक घालून मी त्याच्या हातात देते, सोबत एक्स-रेची प्रत. असं एखादं पान आपल्या एखाद्या डेंटल सेंटरच्या खुर्चीवर आलं तर ते सिव्हिलचं म्हणून बाजूला न ठेवता त्याच्या फाइलला लावावं आणि ‘अपूर्ण काम’ ही चौकट वाचावी, एवढी सूचना सर्व केंद्रांना द्यावी ही विनंती. पानाचा कोरा नमुना आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालानं वेगळा पाठवला आहे.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक दंतवैद्य